मोठ्या गोधडीच्या मधोमध हात कसा पोहोचतो

मागच्या व्याख्यानात आपण वस्तू आणि तिचे घटक या प्रश्नाला हात घातला होता. त्यानंतर दोन-तीन जणांनी मला कळवलं की सर, उदाहरणं फार पुस्तकी होती. घट, पट, रथ. तक्रार बरोबर आहे. चाळीस वर्षं वर्गात घट आणि पट शिकवून माझी जीभ त्याच वळणावर जाते. म्हणून आज एकच उदाहरण घेणार आहे, आणि तेही घरातलं. गोधडी. त्यातही मोठी गोधडी, म्हणजे चार भावंडं एका ओळीत निजतील एवढी.

तुमच्यातल्या साठीच्या पुढच्या लोकांना गोधडी सांगायची गरज नाही. तरुण मंडळींसाठी थोडं सांगतो. आपल्याकडे पांघरुणाचे दोन वंश आहेत. एक लेप किंवा रजई. तिच्यात कापूस असतो. पिंजारी दारात यायचा, धनुकलीचा तो टणत्कार गल्लीभर ऐकू यायचा, कापूस पिंजून खोळीत भरायचा आणि वरून दाभणानं लांब लांब टाके घालायचे, कापूस एका कोपऱ्यात गोळा होऊ नये म्हणून. दुसरा वंश गोधडीचा, वाकळीचा. हिच्यात कापूस नसतो. जुन्या कापडाचे थर, त्यांवर जुनंच पण त्यातल्या त्यात धड कापड, आणि सगळ्यांतून आरपार जाणारा धावदोरा. बस. कापूस नाही म्हणून सरकण्याची भीती नाही, पण थर अनेक आहेत म्हणून टाके दाट हवेत. गोधडीतली ऊब कापडाची जेवढी, तेवढीच थरांमध्ये अडकलेल्या हवेची.

हा वंश मोठा आहे. सिंधमध्ये रल्ली, बंगालात कांथा, बिहारात सुजनी. आपल्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे ते वंशज. त्यांच्या बोलण्यात कोकणी, मराठी, कानडी सगळं मिसळलेलं. हेन्री ड्रूअल नावाच्या अमेरिकी कलाइतिहासकारानं या कवंदीवर बरंच काम केलेलं आहे. त्या बायका एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात आणि कडेकडेनं फिरत फिरत आत मध्यावर येतात. माझी आईही असंच शिवायची. चौकोनात चौकोन, त्याच्या आत चौकोन. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आजचा सगळा घोळ त्या मध्यावर आहे.

आता मुद्द्यावर येतो. माझी आई गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत एक अर्धवट गोधडी निघाली. नऊ फूट बाय आठ फूट. सात थर. त्यात तिची स्वतःची दोन लुगडी, आजीचं एक, वडिलांची धोतरं, आणि एक असं लुगडं की ज्याला मधोमध दंड घातलेला आहे. दंड घालणं म्हणजे काय, तर लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग कापून टाकायचा आणि दोन धड तुकडे एकमेकांना जोडायचे. हल्ली हा शब्द फक्त व्यायामशाळेत आणि न्यायालयात ऐकू येतो. असो. चारी कडांनी साधारण तीन तीन फूट आतपर्यंत टाके घातलेले. म्हणजे हिशेब करा: नवातून सहा गेले तीन, आठातून सहा गेले दोन. मध्ये तीन बाय दोन फुटांचा तुकडा कोरा राहिलेला. तिथे थर नुसते एकावर एक. उचललं की आतलं धोतर खाली लोंबतं.

वीस-एकवीस वर्षं ती तशीच राहिली. अलीकडे वाटण्या झाल्या, घरं बदलली, आणि ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, आहे तशी ठेवू. थोरली बहीण म्हणाली, आईनं अर्धवट ठेवलेलं काम आपण तसंच ठेवून मरायचं का? ताईचं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेलेले, जमिनीवर बसता येत नाही. आणि अमेरिकेत न्यू जर्सीला माझी भाची असते, तिला क्विल्ट शिवण्याचा छंद आहे. ती म्हणाली, मामा, माझ्याकडे पाठवा, इथे लाँगआर्म मशीनवर एका दुपारी होईल. तीन माणसं, तीन मतं. यातून मी जे शिकलो ते आज सांगतोय.

पहिल्यांदा मोठेपणाची अडचण काय असते ते पाहू. छोटं दुपटं कुणीही शिवतं. मोठ्या गोधडीत टाका अवघड नसतो, अवघड असतं ते टाक्यापर्यंत पोहोचणं. साधं घरगुती शिलाई मशीन डोळ्यांसमोर आणा. सुई डाव्या बाजूला, उजवीकडे मशीनचा खांब, आणि दोहोंच्या मध्ये पोकळी. ही पोकळी साधारण सहा ते नऊ इंच असते. गोधडीच्या मध्यावर टाका घालायचा तर अर्धी गोधडी गुंडाळून त्या पोकळीतून आत घालावी लागते. आमच्या गोधडीची जाडी धरा पाच मिलिमीटर. तिची साडेचार फूट लांबी अगदी घट्ट गुंडाळली तरी वळकटीचा व्यास साडेतीन-चार इंच होतो. आठ इंचांच्या पोकळीतली निम्मी जागा वळकटीनंच खाल्ली. उरलेल्या चार इंचांत कापड फिरवायचं, आणि बाहेरचा सगळा भार टेबलावरून खाली ओढत असतो तो वेगळा.

हे मला हिशेबानं नंतर कळलं. आधी अनुभवानं कळलं. मी शहाणपणा करून ती गोधडी इथल्याच एका दुकानात दिली होती. नाव सांगत नाही, त्यांचाही फार दोष नव्हता, काम घ्यायला नको होतं एवढंच. त्यांनी ती मशीनवर दामटली. वरचा थर सुईखाली पुढे सरकला, खालचा मागे राहिला, आणि मध्ये चुण्या पडून त्या चुण्यांवरच शिवण बसली. मग ती शिवण पात्यानं उसवली. उसवताना वरचं लुगडं दोन ठिकाणी चिरलं. ताईनं ते पाहिलं आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाला एवढी समज नसावी, असं तिनं माझ्या बायकोजवळ बोलून दाखवलं. ते मला पोहोचलं.

आता लाँगआर्म. नावातच सगळं आहे. मशीनचा हात लांब केला, पोकळी अठरापासून तीस इंचांपर्यंत नेली. पण नुसता हात लांब करून भागत नाही. खरी कल्पना पुढेच आहे. बघा, हातानं गोधडी शिवताना कापड जमिनीवर स्थिर असतं आणि बाई फिरते. घरगुती मशीनमध्ये सुई स्थिर असते आणि कापड फिरतं. लाँगआर्ममध्ये पुन्हा कापड स्थिर, आणि अख्खं मशीन फिरतं. म्हणजे यंत्रानं एक वळसा घेऊन बाईचीच पद्धत उचलली आहे. दहा-बारा फूट लांबीची लोखंडी चौकट असते. तिच्यावर रूळ बसवलेले. एका रुळावर अस्तर गुंडाळलेलं, दुसऱ्यावर वरचं कापड, मध्ये कापसाचा थर सैल सोडलेला. शिवून झालेला भाग तिसऱ्या रुळावर गुंडाळला जातो. मशीन एका गाड्यावर बसतं, गाडा रुळांवरून डावी-उजवीकडे सरकतो, मशीन गाड्यावर पुढे-मागे सरकतं. समोर दोन मुठी. दोन मुठी धरून बाई उभी राहते आणि कागदावर पेन्सिल फिरवावी तसं मशीन कापडावर फिरवते.

पेन्सिलीचा दृष्टांत भाचीनं दिलेला आहे, माझा नाही. मला विचाराल तर ते नांगरासारखं आहे. नांगर फिरतो, शेत जागेवर राहतं. एक पट्टा झाला की पुढचा.

अशी मशीनं गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून अमेरिकेत पसरली. मिसुरी राज्यात वेस्ट प्लेन्स नावाचं गाव आहे, तिथली गॅमिल ही कंपनी त्यातली नावाजलेली. त्याआधीही त्यांच्याकडे चौकट होतीच, पण लाकडाची. काही घरांत ती छताला दोरांनी टांगलेली असायची. रात्री वर ओढून घ्यायची, दिवसा खाली सोडायची आणि चारी बाजूंनी बायका बसून शिवायच्या. आपल्याकडे गोधडीला चौकट कधी लागली नाही. बाई गोधडीवरच बसते. तिचं वजन हीच चौकट. तळहातानं सपाट करत करत पुढे जायचं.

चौकट लागली नाही असं मी म्हणालो खरा, पण याला एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्या परंपरेतला आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भिक्षूंच्या शिवणकामाचा भाग आहे. भिक्षूंचं चीवर म्हणजे तुकडे जोडून केलेलं वस्त्र. मगधातली बांधाबांधांची शेतं पाहून तशी रचना करायला बुद्धांनी आनंदाला सांगितलं, अशी त्याची कथा. तर हे चीवर शिवताना भिक्षू जमिनीत इथे तिथे खुंट्या ठोकायचे आणि कापड ताणून बांधायचे. त्यानं चीवर वेडंवाकडं व्हायचं, कोपरे जुळायचे नाहीत. तेव्हा चौकट वापरायला परवानगी मिळाली. त्या चौकटीचं नाव कठिन. पावसाळ्यानंतर आपल्या इथे जागोजागी कठिन चीवरदान होतं, तुम्ही गेला असाल. त्या शब्दाच्या मुळाशी ही शिवणकामाची चौकट आहे, असा अर्थ सांगितला जातो.

आणि गंमत पुढे आहे. एक अडचण आली की एक परवानगी, अशी ती मालिकाच आहे. चौकट उंचसखल जमिनीवर मांडली, मोडली; तेव्हा तशी मांडू नये. धुळीनं कापड मळतं. गवताचं अंथरूण घाला. चौकटीचं माप आणि चीवराचं माप जुळेना. मग आत बसणारी दांड्यांची वेगळी चौकट आली. टाक्यांमधलं अंतर कमी-जास्त व्हायला लागलं. अंतर धरायला खुणेचं साधन आलं. दोरे वाकडे जायला लागले; आधी एक खोटा दोरा मांडून घ्या आणि त्याच्या रेषेत शिवा. सुई बोटाला टोचते, अंगुस्तान घ्या. मग काही भिक्षूंनी सोन्या-चांदीची अंगुस्तानं केली, तेव्हा त्यांना बंदी झाली. (हशा) माणूस तोच आहे हो. मला या मजकुरात कारागिराचं शास्त्र दिसतं. कुणीतरी खरोखर शिवत होतं, चुकत होतं, आणि त्या चुका लिहून ठेवण्याच्या लायकीच्या आहेत असं कुणाला तरी वाटलं.

टाक्यांमधलं अंतर, हा प्रश्न आजच्या मशीनलाही सुटलेला नव्हता. हिशेब पाहा. मशीनची सुई मिनिटाला अठराशे वेळा खाली जाते असं धरा. सेकंदाला तीस. तुमचा हात सेकंदाला तीन इंच सरकला तर इंचाला दहा टाके पडतील. वळणावर हात मंदावला, दीड इंचावर आला, की इंचाला वीस टाके. सगळे एकमेकांवर चढलेले. घाई केली, सहा इंच गेला, की इंचाला पाच, आणि दोरा सैल. मग त्यांनी गाड्याच्या चाकांना संवेदक लावले. चाक किती फिरलं ते मोजायचं आणि सुईचा वेग त्याप्रमाणे कमी-जास्त करायचा. हात थांबला की सुई थांबते. माझ्या मते या मशीनमधला सगळ्यात बुद्धिमान भाग हाच. लांब हात ही ताकद झाली, पण संवेदक म्हणजे हाताच्या गतीचं भान.

मर्यादा या मशीनलाही आहे. शिवलेला भाग रुळावर गुंडाळत जातो, आणि तो रूळ पोकळीच्या आतच असतो. पाच सेंटिमीटर व्यासाच्या रुळावर पाच मिलिमीटर जाडीची नऊ फूट गोधडी गुंडाळली, तर शेवटी गुंडाळीचा व्यास सुमारे चौदा सेंटिमीटर होतो, म्हणजे साडेपाच इंच. चोवीस इंचांच्या पोकळीत सुरुवातीला जेवढा पट्टा एका वेळी शिवता येतो, तेवढा शेवटी येत नाही. झालेलं काम जागा खातं आणि उरलेल्या कामाला ती कमी पडते. माझ्या वयाच्या लोकांना हे लवकर कळेल.

अवाढव्य काम करायचं तर याहून वेगळा मार्गही आहे. अमेरिकेत एड्सनं गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ एक क्विल्ट सुरू झाली. ऑक्टोबर १९८७मध्ये ती वॉशिंग्टनला मैदानात पहिल्यांदा अंथरली, तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. एकेक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका कबरीएवढा. आता ते पन्नास हजारांच्या आसपास आहेत. आठ आठ तुकड्यांचे बारा फुटी चौकोन करून जोडतात. कुणाचाच हात तीन फुटांपलीकडे पोहोचायची गरज नाही. एवढी मोठी वस्तू कुणीही एकट्यानं शिवलेली नाही, आणि कुठल्याही एका मशीनवर ती मावणार नाही.

बरं, आमच्या गोधडीचं काय झालं? भाचीला मी म्हटलं, पाठवतो, पण आधी एखाद्या जुन्या वाकळीवर करून बघ. तिच्याकडे तिच्या सासरची एक फाटकी वाकळ होती. तिनं ती चौकटीला लावली. चौकटीच्या रुळांना जाड कापडाच्या पट्ट्या असतात, त्यांना आपलं कापड टाचण्यांनी ओळीनं टोचून ताणायचं असतं. तिनं ताण दिला आणि टाचण्यांच्या ओळीवर वाकळ टरकन फाटली. व्हिडिओ कॉलवर मी ते पाहिलं. तिचा चेहरा पडला होता.

इथे मला पहिली गोष्ट समजली. लाँगआर्मचं सगळं गणित ताणावर उभं आहे, आणि गोधडीचं सगळं गणित सैलपणावर. लुगडं शंभर धुण्यांनी मऊ होतं म्हणूनच त्याची गोधडी होते. पण तोच मऊपणा म्हणजे सुताची संपत आलेली ताकद. नवं कापड ताण घेतं, जुनं घेत नाही. दुसरी गोष्ट भाचीनं सांगितली. अर्धवट शिवलेली वस्तू चौकटीवर नीट बसतच नाही. जिथे टाके पडलेत तिथे कापड किंचित आकसतं, त्याला बारीक सुरकुत्या येतात. मधला कोरा भाग आकसलेला नसतो. म्हणजे कडा ताणल्या तरी मध्ये पोट सुटलेलंच राहणार. कडेला नव्या कापडाची पट्टी जोडून टाचण्यांचा प्रश्न सुटला असता. पोटाचा सुटत नव्हता.

मग मला विचारावंसं वाटलं, की आई कडेकडून आत का येत होती? पाश्चात्त्य क्विल्टच्या पुस्तकांत उलटं सांगतात: मध्यापासून सुरुवात करा, म्हणजे जास्तीचं कापड कडेला ढकललं जाईल आणि तिथे कापून टाकता येईल. तर्क चोख आहे. पण आईजवळ कापून टाकायला काही नव्हतं. आधी कडा बांधल्या की माप ठरलं, चिंधी वाया जायची नाही. जास्तीचं कापड ती टाक्याटाक्यांमध्ये वाटून देत आत येई. गोधडीच्या त्या सुरकुत्या म्हणजे जिरवलेलं जास्तीचं कापड. मी आयुष्यभर त्यांच्याखाली झोपलो आणि सत्तरी उलटल्यावर मला ते कळलं.

आता तुम्ही म्हणाल, सर, तत्त्वज्ञान कुठे आहे? येतो. न्यायदर्शनात पटाचं उदाहरण असतं. तंतू हे समवायी कारण, तंतूंचा संयोग हे असमवायी कारण, आणि विणकर, त्याचा धोटा, त्याचा माग ही निमित्त कारणं. पट झाला की निमित्त कारण निघून गेलं तरी पटाला काही होत नाही. विणकर मेला तरी धोतर टिकतं. या हिशेबानं आमच्या गोधडीत लुगडी हे समवायी कारण, टाक्यांनी साधलेला संयोग हे असमवायी, आणि आई, ताई, भाचीचं मशीन ही सगळी निमित्तं. उरलेले टाके कुणीही घालावेत. नैयायिकाला विचारलं तर तो म्हणेल, प्रश्नच नाही, मशीनवर द्या.

दुसरीकडे, आपण ज्या शहरात बसलोय तिथे बाबासाहेबांनी सुरू केलेल्या महाविद्यालयाचं नाव मिलिंद आहे आणि परिसराचं नाव नागसेनवन. म्हणजे मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आपल्या पत्त्यातच आहे. नागसेन राजाला विचारतो, आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? नाही, नाही करत शेवटी कळतं की रथ हे सगळ्या भागांच्या आधारानं चालणारं एक नाव आहे. गोधडीला लावा. लुगडं म्हणजे आईची गोधडी का? दोरा म्हणजे का? टाके म्हणजे का? नागसेन म्हणेल, 'आईची गोधडी' हेही एक नावच आहे, तुम्ही कुटुंबातल्या लोकांनी धरून ठेवलेलं.

दोन्ही उत्तरं मी ताईला ऐकवली. ती निवडत होती तूर. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुझा तो नागसेन रात्री थंडीत झोपायचा कशावर? आणि मग म्हणाली, मला मशीनचं वावडं नाही रे. मशीननं झाली असती तर मी हो म्हटलं असतं. पण ती मशीनवर बसत नाही असं पोरगीच सांगतेय ना? मग आता आपण काय करायचं ते बोल.

हा मला माझा पराभव वाटला, कारण मी गेले दोन महिने ओळखीचा प्रश्न, म्हणजे कुणाची गोधडी, हा धरून बसलो होतो. ताईच्या दृष्टीनं तो प्रश्न नव्हताच. तिचा प्रश्न होता की अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, खाली बसू न शकणाऱ्या बाईचा हात नऊ फुटी गोधडीच्या मध्यावर कसा पोहोचेल.

मग हिशेब मांडला. ओळींमध्ये बोटभर, म्हणजे दोन सेंटिमीटर अंतर. अख्ख्या गोधडीला सुमारे ३३४ मीटर शिवण लागते. त्यातली आईनं तीनशेच्या वर घातलेली. मधल्या तीन बाय दोन फुटांना उरतात सुमारे अठ्ठावीस मीटर. एवढ्यासाठी आम्ही अमेरिकेला पार्सल करायला निघालो होतो.

चौकट मात्र लाँगआर्मकडूनच घेतली. नळकामाच्या दुकानातून दोन पीव्हीसी पाइप आणले. गोधडी दोन्ही बाजूंनी त्या पाइपांवर मध्यापर्यंत गुंडाळली, आणि जेवणाच्या टेबलाच्या दोन बाजूंना खुर्च्यांच्या पाठींवर ते पाइप टेकवले. मधला कोरा भाग टेबलावर सपाट. ताण अजिबात द्यायचा नाही, नुसता भार उचलून धरायचा. ताई खुर्चीत बसते, तिच्यासमोर फूटभराचा पट्टा असतो. तो झाला की मी आणि बायको मिळून पाइप फिरवतो. पहिल्या दिवशी एक पाइप खुर्चीवरून घसरला आणि चहा सांडला. मग पाइपाच्या टोकांना सुतळी बांधली. चुल्लवग्गातल्या भिक्षूंनाही दोर लागलेच होते.

चिरलेल्या दोन जागा ताईनं ठिगळ लावून झाकल्या. ठिगळासाठी तिनं माझा एक जुना सदरा मागितला. मी दुसरा देत होतो. तिला निळाच हवा होता.

चौकोनात चौकोन जमत नाही, कारण पट्ट्या-पट्ट्यांनी काम चाललंय. त्यामुळे मध्यावर आईच्या चौकोनी ओळी थांबतात आणि ताईच्या आडव्या ओळी सुरू होतात. दुरून पाहिलं तर दोन हात वेगळे कळतात. ताईचे टाकेही लांब आहेत, तिला बारीक दिसत नाही. मी एकदा म्हटलं, आईसारखं अंतर ठेवायला खुणेचा दोरा मांडू या का? म्हणाली, शिकवू नकोस, सुईत दोरा ओव.

तेच माझं काम आहे सध्या. आठवड्यातून दोन-तीन बसण्या होतात, दुपारी, ऊन टेबलावर असतं तोवर. अजून सहा-सात मीटर राहिलंय. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ परवा संपलं आणि जुन्या शिवणीशी जुळणारा मळकट पांढरा दोरा काही मिळत नाहीय, नवे सगळे फार शुभ्र आहेत. ताई म्हणते, चहाच्या पाण्यात बुडवून बघ. आज व्याख्यान होतं म्हणून ते राहिलं. तुमचे प्रश्न असतील तर घेतो.